अन्वी इंडस्ट्रीज

“अन्वीला आता विकून टाकू,” ओंकार म्हणाला. “न्हाईतर आपल्यालाच घेऊन बुडंल ती.”

कोमलनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय मारला. ते मला दिसलं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि हसले.

“असू दे गं,” मी म्हटलं. “सवय झालीय आता.”

सवय झालेली नव्हती. अन्वी हे माझ्या मुलीचं नाव होतं. नुकती वर्षाची झालेली, भिंतीला धरून उभी राहायला शिकलेली माझी एकुलती एक लेक. आणि अन्वी हेच आमच्या कंपनीचंही नाव होतं, फक्त ती कंपनी कागदावरची होती.

आम्ही चौघं कुपवाडच्या एमआयडीसीत पंपांच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार होतो. ओंकार बिरनाळे आणि इम्रान मुजावर खरेदी विभागात, कोमल ऐवळे स्टोअरला आणि मी, स्नेहल मगदूम, हिशेब विभागात. चौघंही पदवीधर, चौघंही एका वर्षाच्या करारावरचे. त्या साली कारखानदारांच्या संघटनेनं वसाहतीतल्या सगळ्या शिकाऊ उमेदवारांसाठी स्पर्धा ठेवली. प्रत्येक कारखान्यानं चौघांचा एक संघ पाठवायचा. प्रत्येक संघाला मिक्सर बनवणारा एक काल्पनिक कारखाना मिळणार. माल किती काढायचा, किंमत काय लावायची, माणसं किती ठेवायची हे ठरवून कागद द्यायचा, संघटनेचा संगणक सगळ्यांचे आकडे एकत्र करून कुणाचा धंदा चालला आणि कुणाचा बसला ते सांगणार. तीन फेऱ्या आपापल्या कारखान्यात बसून, चौथी शेवटची सांगलीत, सगळ्यांसमोर.

नावाचा रकाना भरायचा राहिला, तेव्हा इम्रान म्हणाला होता, “पोरीचं नाव द्यायचं असतंय. बाहेर जाऊन बघा की.”

खरंच होतं ते. आमच्या गेटपासून बसथांब्यापर्यंतच्या रस्त्यावर निम्म्या पाट्या मालकांच्या लेकींच्या नावाच्या होत्या. कुणा तेजस्विनीच्या नावानं नटबोल्ट निघत होते, कुणा ऋतुजाच्या नावानं लोखंडाचा रस ओतला जात होता. लेकीच्या नावानं धंदा चालतो असा तिकडं सगळ्यांचा समज. आमच्या चौघांत लेक असलेली मी एकटीच. कोमलनं विचारलं, “चालेल ना तुला?” आणि मला इतकं बरं वाटलं होतं की मी स्वतःच्या हातानं ठळक अक्षरात लिहिलं, अन्वी इंडस्ट्रीज.

पहिल्या फेरीत अन्वी जोरात चालली. “अन्वी पळायला लागली,” ओंकार म्हणायचा, आणि घरी गेल्यावर मी भिंतीला धरून उभ्या असलेल्या अन्वीला ते सांगायची. दुसऱ्या फेरीत आमचा माल पडून राहिला. तिसरीत तोटा आला. मग बोलणं बदललं. अन्वीचं रक्त आटलंय. अन्वीला कोण वाचवणार आता. लोखंड ओतणाऱ्या फौंड्रीच्या संघातला सावर्डेकर म्हणून एक पोरगा होता, तो बसथांब्यावर भेटला की मान वाकडी करून विचारायचा, “काय ताई, अन्वीला सलाईन लावलं का न्हाई?” त्याला माझ्या मुलीचं नाव माहीत असायचं कारण नव्हतं. मी काही बोलायची नाही. बसमधून उतरले की पाळणाघरापर्यंत मात्र जवळजवळ धावत जायची आणि अन्वीला घेताना आधी तिच्या कपाळाला हात लावायची.

एकदा मी तगारे मॅडमना, म्हणजे आमच्या प्रशिक्षण विभागाच्या प्रमुखांना विचारलंही होतं, नाव बदलता येईल का म्हणून.

“नोंदवलेलं नाव आहे ते,” त्या म्हणाल्या. “का, काय झालं?”

“काही नाही. मुलीचं नाव आहे. सगळे काहीबाही बोलतात.”

“अगं, खेळ आहे मगदूम. एवढं मनाला लावून घेतलंस तर नोकरी कशी करशील?”

नोकरी कशी करायची हाच तर प्रश्न होता. मॅडमनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, साहेबांनी शब्द दिलाय, आपला संघ पहिला आला तर चौघांनाही कायम करणार. नाहीतर मार्चअखेर प्रमाणपत्र आणि नमस्कार.

आणि मार्चनंतर मी समडोळीला जाणार होते. ते घरात ठरून गेलेलं होतं. अभिनंदनची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, सांगलीत पतसंस्थेत नोकरी. त्याला समडोळीहून रोज येता-जाता येण्यासारखं होतं. सांगलीतली भाड्याची खोली माझ्यासाठी होती. “वर्षभर बघू,” असं त्यानं आईला सांगितलं होतं. “कायम झाली तर राहू तिथं. न्हाई झाली तर घरी येऊ.” सासूबाईंना मी आत्या म्हणायची. त्यांनी तेव्हा एवढंच म्हटलं होतं, “वर्षभर लेकरू परक्याच्या हातात.” आत्या वाईट नव्हत्या. समडोळीचं घरही वाईट नव्हतं, खाण्यापिण्याला काही कमी नव्हतं. पण माझ्या थोरल्या जाऊबाई एम.एस्सी. झालेल्या होत्या, आणि त्याची खूण म्हणून त्या म्हशींना इंग्रजीतून रागवायच्या, एवढंच शिल्लक होतं. घरात सगळे त्याला हसायचे. त्या स्वतःही हसायच्या. मला ते हसणं ऐकवत नसे.

शेवटची फेरी रविवारी होती. पाळणाघराला सुट्टी, अभिनंदनला वसुलीसाठी तासगावला जायचं होतं. म्हणून आत्या सकाळच्या एसटीनं आल्या. येताना पिशवीतून ज्वारीचं पीठ, दुधाची बाटली आणि अन्वीसाठी शेवग्याच्या पाल्याची पुडी घेऊन आल्या.

अन्वीचं नाक वाहत होतं. मी तिचं कपाळ पाहिलं, मग मान पाहिली, मग पुन्हा कपाळ.

“किती येळा बघशील?” आत्या म्हणाल्या. “सर्दी हाय. पोरांस्नी हुतीया.”

“अंग थोडं गरम वाटतंय का हो, आत्या?”

“तुझा हात गार हाय. भ्यालीस कशाला? जा तू. पोरं वाढवलीत मी.”

फोन दारात काढून घेणार होते, स्पर्धेचा नियमच होता तो. मी हॉलच्या ऑफिसचा नंबर आधीच विचारून आणला होता. कॅलेंडरवर मोठ्या आकड्यात लिहिला, आणि शेजारच्या भाभींनाही दाखवून ठेवला.

“काहीही वाटलं तर ह्या नंबरवर फोन करा. माझं नाव सांगा. मी लगेच निघेन.”

“अर्ध्यातनं?”

“अर्ध्यातनं.”

आत्यांनी माझ्याकडं जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. मला वाटतं त्या दिवशी सकाळी त्यांना मी थोडी आवडले होते. “जा,” त्या म्हणाल्या. “जिंकून ये.”

हॉलमध्ये लांब टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलावर संघाच्या कंपनीचं नाव पुठ्ठ्यावर लिहून उभं केलेलं. आमच्या शेजारीच फौंड्रीवाले. हॉलचा शिपाई भूपालमामा म्हणून होता, पांढरी टोपी, वय झालेलं, पण पाय कसे सारखे चालते. संघांनी एकमेकांशी बोलायचं नाही असा नियम होता, म्हणून त्याच्याकरवीच सगळ्यांचे टोमणे इकडून तिकडं जात होते. चहा देता देता तो वाकून निरोप सांगायचा, शब्दाला शब्द, चेहऱ्यावर काही न दाखवता.

“ते म्हणत्यात, अन्वीला कडू औषध द्या.”

“त्यांना सांगा मामा,” ओंकार म्हणायचा, “तुमच्या लोखंडाला गंज चढलाय.”

मामा जायचा आणि सांगायचा. ते हसायचे. मग आम्ही हसायचो.

चौथ्या फेरीच्या आधी प्रत्येक संघाला दोन वाटा होत्या. कंपनी बंद करून असतील तेवढे गुण पदरात पाडून घ्यायचे, नाहीतर शेवटची फेरी खेळायची. खेळून बुडालो तर सगळेच गुण जाणार. आमचा नंबर मधे कुठंतरी होता.

“बंद करू,” ओंकार म्हणाला. “लाज तरी राहील.”

“मधला नंबर येऊन कायम करणार आहेत का?” मी विचारलं.

ओंकारनं पेन उचललं.

सकाळपासून मी बाकीच्या टेबलांकडं बघत होते. मला ती खोडच आहे. एखाद्या घरात गेले तरी आधी चेहरे बघते, मग भिंती. त्या दिवशी सगळ्यांचेच चेहरे घाबरलेले होते. तिसऱ्या फेरीत सगळ्यांचाच माल पडून राहिला होता, त्यामुळं आता जो तो कमी काढणार हे मला स्पष्ट दिसत होतं.

“सगळे हात आखडणार,” मी म्हटलं. “बाजारात मिक्सरच नसणार. आणि ह्या फेरीला त्यांनी लग्नसराई धरलीय, कागदावर लिहिलंय बघ. आपण पूर्ण ताकदीनं काढायचा माल. किंमतसुद्धा कमी करायची नाही.”

“आणि त्यांनी पण तसंच केलं तर?”

“तर बुडू.”

इम्राननं कागद ओढून घेतला, आकडे पुन्हा मांडले. कोमल माझ्याकडं बघत होती. “मला पटतंय,” ती म्हणाली. “तसंही मार्चनंतर आहे काय आपल्याकडं?”

ओंकारनं पेन टेबलावर आपटलं, मग हसला. “बरं. मरायचंच तर मोठ्यानं मरू. पण वर जाऊन सांगायचं तू.”

प्रत्येक संघातल्या एकानं स्टेजवर जाऊन परीक्षकांना आपला निर्णय समजावून सांगायचा होता. मी गेले. तीन परीक्षक होते, त्यांतल्या एकानं चष्म्यावरून बघत विचारलं, “तोट्यातली कंपनी, आणि तुम्ही उत्पादन वाढवताय. घाबरत नाही?”

“घाबरतो, सर. बाकीचे जास्त घाबरलेत, त्यावर धंदा करणार आहोत.”

ते हसले. माझा आवाज जराही कापला नाही. त्यांनी अजून बरंच विचारलं, मी उत्तरं दिली, आणि उत्तरं देता देता मला कळत गेलं की मला हे येतंय. कॉलेज सुटल्यापासून इतक्या माणसांनी गप्प राहून माझं बोलणं ऐकल्याचं मला आठवत नव्हतं. मग त्यांनी आकडे संगणकात घालायला दिले आणि मला तिथंच थांबायला सांगितलं.

मी उभी राहून आमच्या टेबलाकडं पाहिलं. भूपालमामा ओंकारच्या कानाशी वाकला होता. ओंकारनं शेजारच्या टेबलाकडं नजर टाकली, सावर्डेकर त्याच वेळी कशावर तरी हसत होता. ओंकार खुर्चीत मागं रेलून मामाला काहीतरी म्हणाला. कोमल तोंडावर हात ठेवून हसली, इम्राननं माझ्याकडं बघून अंगठा वर केला. मामा टेबलांमधून वाट काढत स्टेजच्या बाजूच्या ऑफिसात गेला. थोड्या वेळानं दारात आला आणि त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी हसले. तोही हसला, आणि परत आत गेला.

हे सगळं मी पाहिलं. एकूण एक गोष्ट पाहिली.

आम्ही पहिले आलो. आकडा पडद्यावर आला तेव्हा ओंकार खुर्चीवर उभा राहिला, आणि फौंड्रीच्या सावर्डेकरनं येऊन माझ्याशी हात मिळवला. “ताई, मानलं,” तो म्हणाला. “तुमची अन्वी चिवट निघाली.” तगारे मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “चौघांनीही उद्या मूळ कागदपत्रं घेऊन या. साहेबांशी आत्ताच बोलणं झालं.” फोटोसाठी सगळ्यांनी चषक माझ्या हातात कोंबला, तो माझ्याच हातात राहिला.

दारात फोन परत मिळाला. अभिनंदनचे फोन येऊन गेले होते, ओळीनं, पडदाभर. शेजारच्या भाभींचेही. मी लावला.

“कुठं आहेस?” अभिनंदन म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. “सिव्हिलच्या समोरचा मुलांचा दवाखाना. ये.”

“काय झालंय?”

“आता बरी आहे. ये तू.”

इम्राननं गाडी काढली. एका हातानं मी त्याचा खांदा धरला होता आणि दुसऱ्या हातात तो चषक, आणि पूर्ण रस्ताभर मला तो कुठं ठेवावा हे सुचलं नाही. तसाच घेऊन मी दवाखान्याचे जिने चढले. लोक बघत होते. एका बाईनं तर माझ्याकडं बघून कौतुकानं मान हलवली.

अन्वी झोपली होती. तिच्या हाताला पट्टी बांधून सुई टोचलेली, बाटली लटकत होती. अभिनंदन पायाशी उभा. आत्या उशाशी बसलेल्या, त्यांचा हात अन्वीच्या डोक्यावर. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं नाही, चषकाकडं पाहिलं.

“जिंकलीस?”

“आत्या, काय झालं हिला?”

“तापात आकडी आली होती,” अभिनंदन म्हणाला. “डॉक्टर म्हणाले, लहान मुलांना येते. घाबरण्यासारखं नाही आता.”

मी अन्वीच्या कपाळाला हात लावला. गार होतं, घामानं ओलं. मी तिथंच खाली बसले.

“आत्या, तुम्ही फोन करायचा होता. मी नंबर—”

“केला हुता,” आत्या म्हणाल्या. “तुझा निरोप मिळाला मला.”

“कसला निरोप? मला कुणी काही सांगितलंच नाही.”

“मिळाला म्हनलं न्हवं.”

अभिनंदननं मला खांद्याला धरून बाहेर पॅसेजमध्ये नेलं. तो माझ्याकडं न बघता खिडकीबाहेर बघत बोलत होता.

“आईनं हॉलवर फोन केला. अन्वीचं लई वाईट झालंय, मगदूमबाईला सांगा, निघ म्हणावं लगेच, असं सांगितलं. तो माणूस म्हणाला, थांबा, सांगतो. फोन धरूनच ठेवला तिनं. पोर मांडीवर. मग तो परत आला आणि म्हणाला,” अभिनंदननं खिडकीचा गज धरला, “म्हणाला, निरोप दिला. ते म्हणतात, अन्वी मेली तरी चालेल, पण आम्ही शेवटपर्यंत खेळणार.”

मला ओंकारचं रेलणं दिसलं, कोमलचा तोंडावरचा हात दिसला.

“कंपनी,” मी म्हटलं. “अभि, ती कंपनी. त्यांना वाटलं, फौंड्रीवाले चिडवतायत. सकाळपासून तेच चाललं होतं. निघा म्हणजे खेळ सोडा, असं वाटलं असणार त्यांना.”

“मला कळलंय गं. मी तेच सांगितलं आईला.”

“मग?”

“आईनं विचारलं होतं त्याला, स्नेहल कुठाय? त्यानं दारात जाऊन पाहिलं म्हणे. आणि सांगितलं, बाई स्टेजवर हायत, हसायल्यात.”

दुसऱ्या दिवशी ओंकार आणि कोमल दवाखान्यात आले. मीच बोलावलं होतं. कागदपत्रं घेऊन ऑफिसला जायचं तसंच टाकून आले होते दोघं. ओंकार रात्रभर झोपला नसावा, त्याच्या दाढीचे खुंट वर आले होते. तो आत्यांसमोर स्टुलावर बसला आणि पहिल्यापासून सगळं सांगत गेला. स्पर्धा काय होती, कंपनी कशी कागदावरची, नाव कसं पडलं, फौंड्रीवाले काय काय बोलायचे. भूपालमामानं फोनचा निरोप आहे हे सांगितलंच नव्हतं, तेही सांगितलं.

“चूक माझी आहे, काकू,” तो म्हणाला. “ते वाक्य माझं आहे. स्नेहलला यातलं काहीच माहीत नव्हतं.”

आत्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. त्याचं झाल्यावर त्यांनी अन्वीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

“मंजे कंपनीचं नाव अन्वी हुतं.”

“हो, काकू.”

“आन ती मेली तरी चालंल, असं तुम्ही म्हनला.”

“हो. कंपनीला.”

“आन ही? ही रोज तिथंच बसायची न्हवं तुमच्यात?”

ओंकारनं माझ्याकडं पाहिलं.

“मंजे अन्वी बुडाली, अन्वी मेली, असं रोज बोलत हुता तुम्ही. आन हिची आई ऐकत बसायची.” त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट त्या एखादा हिशोब नीट लागतोय का बघावं तशा बोलत होत्या. “रिक्षात लेकरानं डोळं पांढरं केलं माझ्या मांडीवर. मी एकटी. मला वाटलं, गेलं. तवा माझ्या कानात तेवढंच हुतं.”

“काकू, तिला खरंच—”

“खोटं बोलतोस असं म्या म्हनलं न्हाई. खरंच असंल तुझं. च्या घेऊन जावा.”

कोमल जिन्यात रडली. ओंकार मला म्हणाला, “मी भूपालमामाला घेऊन येऊ का? तो सांगेल.”

“तो काय सांगेल?” मी म्हटलं. “तो हेच सांगेल की मी हसत होते.”

मी नंतर एकदा भूपालमामाला भेटलेही. म्हातारा हात जोडून उभा राहिला. “मला वाटलं, त्या बाई पण खेळातल्याच,” तो म्हणाला. “जसं सांगितलं तसं सांगितलं, बाई. पदरचा शब्द घातला न्हाई.” खरंच नव्हता घातला.

तगारे मॅडमचे दोनदा फोन आले. पहिल्यांदा त्यांनी मुलीची चौकशी केली आणि म्हणाल्या, थांबते मी, ये सावकाश. दुसऱ्यांदा म्हणाल्या, साहेब विचारतायत. त्या संध्याकाळी मी अभिनंदनला विचारलं. तो पलंगाच्या कडेला बसून अन्वीच्या औषधाचं झाकण उघडत होता, लावत होता.

“मला सगळं पटतंय, स्नेहल.”

“मग सांग ना आत्यांना.”

“काय सांगू? मी सांगितलं, ओंकारनं सांगितलं. ती हो म्हणते. पण तिनं कानानं ऐकलंय गं ते.” मग झाकण लावून म्हणाला, “पुन्हा तू कामावर असताना हिला काही झालं, साधा ताप आला, तर मी कुठल्या तोंडानं बोलू तिच्याशी? तू तरी बोलू शकशील?”

मी विचार करून पाहिला. कारखान्यात टेबलाशी बसले आहे आणि फोन वाजतो आहे, असा. दुसऱ्या दिवशी मी तगारे मॅडमना येत नसल्याचं कळवलं.

खोली सोडून समडोळीला निघताना कॅलेंडर तिथंच राहू दिलं. चषक ओंकार घेऊन गेला, तो बहुधा ऑफिसच्या काचेच्या कपाटात असेल. ते तिघंही कायम झाले. माझ्या जागी फौंड्रीच्या सावर्डेकरला घेतलं, असं कोमलनं कळवलं. त्यानंतर तिचेही फोन हळूहळू कमी झाले. काय बोलणार ती तरी.

आत्यांनी तो विषय परत कधी काढला नाही. निदान माझ्यासमोर. कधी टाकून बोलल्या नाहीत, कुणाला बोलू दिलं नाही. पहिल्या दिवसापासून त्यांनी अन्वीला आपल्याजवळ झोपवायला घेतलं, एवढंच. “तुझी झोप मोडंल,” म्हणाल्या. मी शेजारच्या खोलीत जागी राहून तिचा श्वास ऐकू येतो का बघायची. भिंत जाड होती.

आता अन्वी सहावीत आहे. सुदृढ आहे, अभ्यासात बरी, धावण्यात पहिली. त्या एका दिवसानंतर तिला कधी आकडी आली नाही. ती मला मम्मी म्हणते, सगळं सांगते, माझ्याशी भांडते सुद्धा. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसायचं नाही. मला दिसतं. पायरीवर आपटली की ती आधी आजीच्या खोलीकडं बघते.

गेल्या महिन्यात शाळेच्या घाईत मी तिची वेणी घालत होते. ती माझ्याकडं पाठ करून पाटावर बसली होती, एक रिबीन तिच्या दातांत. ती काढून तिनं सहज विचारलं, वहीला कव्हर आहे का विचारावं तसं.

“मम्मी, मी लहानपणी मेले असते तरी तुला चाललं असतं?”

फणी केसांत अडकली. मी ती सोडवली.

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी न्हाई. विचारते.”

“हे बघ,” मी म्हटलं, आणि माझा आवाज स्टेजवर होता तसाच निघाला, न कापता. “तू वर्षाची होतीस. मी नोकरी शिकत होते. आमची एक स्पर्धा होती. त्यात आम्ही चौघांनी मिळून एक कंपनी काढली होती, खोटी खोटी, आणि त्या कंपनीला—”

“माझं नाव दिलेलं.”

“हो.” मला एकदम हलकं वाटलं. “तुला माहीत आहे?”

“आजीनं सांगितलंय.”

“काय सांगितलंय आजीनं?”

“हेच.” तिनं रिबिनीचं टोक खांद्यावरून मागं माझ्या हातात दिलं. “म्हणाली, विचारलंस तर मम्मी कंपनीचं सांगंल. तू वाईट वाटून घ्यायचं न्हाई, बरं बरं म्हणायचं.”

अंगणात तिच्या मैत्रिणी हाका मारत होत्या.

“घट्ट बांध,” ती म्हणाली. “कालची सुटली होती.”

मी घट्ट बांधली.